तिपेडी मासे

त्या वर्षी मी यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होतो. म्हणजे जितके तास तितकीच नोकरी. पुढच्या सत्रात बोलावतील की नाही हे सत्र सुरू झाल्यावरच कळायचं. राहायला आर्णीत. सकाळी मोटरसायकलने यवतमाळ, दुपारी परत, आणि फेब्रुवारी लागला की आर्णीहून उलट्या दिशेला, एका धरणाच्या पायथ्याशी असलेल्या मत्स्यबीज केंद्रावर. बायको म्हणायची, हा माणूस बसलेला असला तरी कुठेतरी निघालेलाच असतो. खोटं नव्हतं. मला एका जागी चहा पिणंही जमत नव्हतं, कप घेऊन अंगणात फेऱ्या मारायचो.

पीएच.डी. झाली तर कायमच्या जागेची थोडी आशा होती. माझे मार्गदर्शक अमरावतीला होते आणि त्यांनी दिलेला विषय मला मनापासून आवडला होता. सायप्रिनस नावाचा मासा आपल्याकडच्या शेततळ्यांत सर्रास सोडतात. काटक असतो, मिळेल ते खातो. पण तो तळ्यातच अंडी घालत सुटतो. वर्षा-दीड वर्षात तळं बोटाएवढ्या पिल्लांनी भरून जातं, खाद्य त्यांच्यात वाटलं जातं आणि खाण्याजोगा मोठा मासा हाती लागत नाही. त्यावर जगात ठिकठिकाणी करून पाहिलेला एक उपाय आहे. अंडं फळलं की काही मिनिटांच्या आत त्याला खूप थंड किंवा गरम पाण्याचा धक्का द्यायचा.

प्राण्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा. माशाचं अंडं फळतं त्या घटकेला त्यात आईचे दोन संच असतात आणि त्यातला एक अंडं स्वतःहून बाहेर टाकून देतं. नेमका तेव्हाच धक्का बसला तर ते टाकणं राहून जातं. आईचे दोन आणि बापाचा एक, असे तीन संच घेऊन पिल्लू तयार होतं. असा मासा पोहतो, खातो, वाढतो. फक्त त्याला अंडी होत नाहीत. कागदावर हे सगळं चार ओळींत मावतं.

केंद्र तिथल्या मच्छीमार संस्थेकडे होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी मला दोन सिमेंटच्या टाक्या आणि पत्र्याची एक शेड वापरायला दिली, आणि मदतीला तिथली रोजंदारीवरची एक बाई दिली. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. मासा कळण्यात तिचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. अंडी लवकर पिकावीत म्हणून आदल्या संध्याकाळी इंजेक्शन दिलेली मादी सकाळी पाण्यात हात घालून चाचपायची आणि सांगायची, "अजून अर्धा घंटा थांबा सर, पिकली नाई." मी घड्याळ पाहायचो, तिचा अर्धा तास अर्ध्या तासाचाच असायचा. ओल्या फडक्यात मादी धरून ती पोटावरून अंगठा असा फिरवायची की अंड्यांची धार घमेल्यात पडायची, रक्ताचा एक थेंब नाही. मग त्यावर नराचं पाणी, कोंबडीच्या पिसाने ढवळणं, आणि ती चिकट अंडी मच्छरदाणीच्या जाळीच्या चौकटींवर पसरणं. लाकडी चौकटी मी आर्णीच्या सुताराकडून करून आणल्या होत्या.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी ऑइलपेंटचा डबा आणला. दोन्ही टाक्यांची सरमिसळ होऊ नये, एवढीच माझी काळजी. एका टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "साधे". दुसरीवर काय लिहावं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. "वांझ" असं लिहिलं. सोपा शब्द, सगळ्यांना कळणारा.

अध्यक्ष आणि संस्थेची तीन-चार माणसं तेव्हा तिथं होती. अध्यक्षांनी विचारलं, "सर, पाणी किती गरम करता म्हणता?"

"चाळीस डिग्री. दोन मिनिटं."

"चाळीस?" ते म्हणाले. "मे महिन्यात आर्णीच्या स्टँडवर त्याच्याहून जास्त असते. आपल्याले नाई झालं काई!"

सगळे हसले. त्यातल्या एकाने टाकीवरचा शब्द मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "मावशीले टाकी बरी भेटली." पुन्हा हशा झाला. मीही हसलो. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. सगळे हसले म्हणून हसलो, आणि ब्रश धुवायला पळालो कारण घासलेट कुठं ठेवलं ते आठवत नव्हतं. मावशी जाळी धूत होती. ती धुतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही कामाला लागलो. थर्माकोलच्या पेटीत गरम पाणी, त्यात थर्मामीटर. पेटी शेडमध्ये होती, कारण बाहेर वाऱ्याने पाणी लवकर निवायचं. एकामागून एक माद्या पिकत होत्या, त्यामुळे कामं वाटून घ्यावी लागली. मी बाहेर घमेल्यापाशी, हातात स्टॉपवॉच. अंडी फळून ठरलेली मिनिटं झाली की मी ओरडायचो, "आता!" मावशी आत चौकट गरम पाण्यात बुडवायची. दोन मिनिटांनी मी ओरडायचो, "काढा!" मग ती चौकट त्या दुसऱ्या टाकीत नेऊन लावायची. एका सकाळी आम्ही अशा बारा चौकटी केल्या. परतताना मी गाडीवर गाणं म्हणत होतो.

दोन दिवसांनी जाऊन पाहिलं तर माझा विश्वास बसेना. माशाचं अंडं मेलं की पांढरं पडतं, जिवंत असलं तर काचेसारखं राहतं आणि आत दोन काळे डोळे दिसू लागतात. धक्का दिलेल्या अंड्यांतली बरीचशी मरतात असं सगळीकडे वाचलं होतं. आमच्या टाकीत मात्र डोळेच डोळे. साध्या टाकीत जितके, जवळजवळ तितकेच इथंही. मी फोटो काढून अमरावतीला पाठवले. लगेच सरांचा फोन आला.

"फारच छान जगलेत," ते म्हणाले. "म्हणूनच मला शंका येतेय. आनंद करायच्या आधी मोजा."

मोजायचं म्हणजे गुणसूत्रं मोजायची. इवलं पिल्लू एका औषधाच्या पाण्यात ठेवलं की त्याच्या पेशी विभागता विभागता मध्येच थांबतात. मग त्याचा एक कण काचपट्टीवर दाबून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. जांभळ्या काड्या विखुरलेल्या दिसतात. साध्या सायप्रिनसच्या शंभर. माझ्या माशात दीडशे दिसायला हव्या होत्या.

शंभर होत्या. पहिल्या काचपट्टीवर शंभर, दुसरीवर अठ्ठ्याण्णव म्हणजे मोजण्यात दोन सुटल्या, तिसरीवर पुन्हा शंभर. मी आठवडाभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून होतो. शिपाई कुलूप घेऊन दाराशी उभा राहायचा तेव्हा उठायचो. एकही दीडशे नाही.

थर्मामीटर खराब असेल म्हणून नवीन आणला. मग त्याच्यावरही भरवसा वाटेना म्हणून आणखी एक आणला. घरी पातेल्यात पाणी तापवून दोन्ही शेजारी धरून बसलो. बायको म्हणाली, "स्वयंपाक करू द्याल का?" पंधरा दिवसांनी पुन्हा सगळा प्रयोग केला. तीच पेटी, तीच मावशी, मी बाहेर, ती आत. पुन्हा टाकी डोळ्यांनी भरली. पुन्हा शंभर.

त्या दिवसांत मी कसा वागत होतो हे आठवलं की आता लाज वाटते. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचो. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना रांगांतून इतक्या फेऱ्या मारल्या की एका मुलीने हात वर करून सांगितलं, सर, तुमच्या चपलांचा आवाज होतो. रात्री झोप लागली तरी सकाळी दमलेलाच उठायचो. सरांनी फोनवर शांतपणे विचारलं, "पाणी खरोखर गरम होतं ना?" मी चिडलो. फोन ठेवल्यावर वाटलं, चिडायचं कशाला, प्रश्न तर बरोबर आहे. पण पाणी गरम होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला मावशी भाचीच्या लग्नाला ढाणकीला गेली. जाताना सांगून गेली, "चार दिवस माद्याईले हात लावू नका सर, मी आली की करू." मला चार दिवस थांबणं शक्य नव्हतं. हंगाम संपत आला होता. दुसऱ्याच दिवशी मी एकट्याने तीन माद्यांना इंजेक्शनं दिली आणि सकाळी एकटाच पोचलो.

एक मादी माझ्या हातातून सुटून सिमेंटवर आपटली. दुसरीला मी घाईने दाबलं आणि अंड्यांबरोबर रक्त आलं. तिसरीची अंडी बरी निघाली. बाहेर मदतीला कोणी नसल्याने घमेलं, पेटी, घड्याळ सगळं शेडमध्येच घेतलं आणि चौकटी स्वतःच्या हाताने गरम पाण्यात धरल्या. दोन मिनिटं.

दोन दिवसांनी टाकीत दही सांडल्यासारखं पांढरं दिसत होतं. जवळजवळ सगळी अंडी मेलेली. शोधून शोधून मूठभर जिवंत पिल्लं मिळाली, त्यातली काही वाकडी. ती घेऊन यवतमाळला गेलो. तिसऱ्या काचपट्टीवर काड्यांची एवढी दाटी दिसली की डोळे चोळले. मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं, दीडशे. दुसऱ्या पेशीत, दीडशे.

मी खुर्ची मागे ढकलून उभाच राहिलो. मला ओरडायचं होतं, पण शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा चालू होती. व्हरांड्यात गेलो, जिना उतरलो, सायकल स्टँडपर्यंत गेलो, परत आलो. त्या जिन्यावरच डोक्यात दुसरी गोष्ट आली आणि पाय थबकले. पाणी तेच होतं, पेटी तीच, मिनिटं तीच. यावेळी फक्त चौकट धरणारे हात वेगळे होते.

मावशी आली त्या दिवशी मी दुपारचा तास सोडून केंद्रावर गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होतो, गाडी वेगात होती, एका ट्रॅक्टरला घासून निघाली. मावशी शेडच्या सावलीत फाटलं जाळं शिवत बसली होती. लग्नातली मेंदी तिच्या नखांवर अजून लाल होती.

मी हेल्मेटही न काढता विचारलं, "मावशी, तुमी त्या चौकटी गरम पाण्यात बुडवत होत्या का?"

तिने सुई थांबवली. "नाई," ती म्हणाली.

"एकबी नाई?"

"एकबी नाई. तुमी बाहेरून 'आता' म्हणत होते, मी बाजूच्या बादलीत धरत होती. साध्या पाण्यात."

"दोन्ही टायमाले?"

"दोन्ही टायमाले."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आढेवेढे घेईल, मग मी सुनावीन, असं सगळं मनात ठरलेलं होतं. मी ओरडलोच. "मावशी, माह्यं वर्ष गेलं असतं! मी सरांशी भांडलो. थर्मामीटर फेकून दिला. मले वाटलं माह्याच डोक्यात काही बिघडलं."

"गेलं असतं. खरं हाये," ती म्हणाली.

मी तिथून निघालो. धरणाच्या भिंतीपर्यंत चालत गेलो, वर चढलो, पाण्याकडे न पाहताच खाली उतरलो. राग होता, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी टोचत होतं आणि ते काय आहे ते मला बघायचं नव्हतं. परत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. त्या केंद्रावर मी पहिल्यांदाच बसत होतो.

"काहून केलं असं?"

"मी पह्यल्याच दिवशी सांगनार होती. पन तुमी इतके घाईत राह्यता सर, तुमाले सांगाचं तरी कवा?" तिने टाकीकडे बोट केलं. "तुमी थे लिवलं. ते लोकं हासले. तुमीबी हासले."

"मले समजलं नव्हतं, मावशी."

"व्हय, थे मले दिसलं. म्हनून तुमच्यावर राग नाई. पन चौकट हाती घेतली का हात खालीच जायेना. ज्या नावानं मले उभ्या जल्मात हाका मारल्या, थे माह्याच हातानं या लेकराईले लावाचं?"

मग तिनेच सांगितलं, जाळं शिवता शिवता, माझ्याकडे न बघता. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी केली. त्या दुसरीलाही दहा वर्षांत काही झालं नाही. "तरी गावात वांझ म्हनतात थे मलेच. तिले म्हनतात, बिचारीचं नशीब." नवरा वारला, ती दुसरी माहेरी गेली, आणि ही धरणावर कामाला लागली. लग्नाच्या दोन दिवस आधीपासून राबलेली असताना भाचीच्या ओटीच्या वेळी तिला कोणीतरी हळूच चहा करायला आत पाठवलं होतं. हे परवाचंच.

मला माझं हसू आठवलं. अगदी नेमकं आठवलं, हातात ब्रश होता, त्यातून रंग टपकत होता.

जाळं बाजूला ठेवून ती म्हणाली, "आता मले नीट सांगा. त्या अंड्यात होते काय? तुमी मले आता म्हना, काढा म्हना, एवढंच सांगतलं."

तिच्याच नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे घेऊन मी फरशीवर मांडले. गुणसूत्र म्हणजे सूतच, तेव्हा दोरा बरा पडला. हे आईचे दोन, हा बापाचा एक. आई एरवी यातला एक बाहेर टाकते. गरम पाण्याने तिचं ते टाकणं राहून जातं. म्हणून तीन.

ती तीन दोऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. "मंग याईले कमी नाई भेटलं. जास्त भेटलं."

"हो."

"आन जास्त भेटलं म्हनून अंडी होत नाई?"

"हो. अंडं तयार होताना जोडी-जोडीनं वाटणी व्हावी लागते. तिनाची जोडी लागत नाही. वाटणी अडते, अंडं बनत नाही."

"आन दुखते का त्याईले?"

"माहीत नाही मावशी. एवढ्याशा अंड्याला दुखत नसावं. पण खात्रीनं सांगता येणार नाही."

तिने ते तीन दोरे उचलले आणि बोलता बोलता एकमेकांत गुंफले, पोरीची वेणी घालतात तसे. "मंग तिपेडी म्हना ना," ती म्हणाली. "कायले थे दुसरं नाव?"

दुसऱ्या दिवशी मी थिनर आणि पॉलिशपेपर नेला. टाकीवरचा शब्द घासायला तासभर लागला आणि तरी पूर्ण गेला नाही. त्यावर पांढरा रंग मारला, आणि त्यावर "तिपेडी" लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हणालो, शास्त्रीय नाव आहे. ते मान हलवून गेले.

हंगामाचा शेवटचा प्रयोग आम्ही मार्चच्या मध्यात केला. यावेळी माद्या मोजक्याच घेतल्या, म्हणजे धावपळ नको, आणि दोघं शेडमध्ये एकत्र उभे राहिलो. मावशीने चौकट गरम पाण्यात धरली आणि हात मनगटापर्यंत आत तसाच ठेवला. चाळीस अंशाचं पाणी हाताला सोसतं, पण हात आत घालायची गरज नव्हती. मी म्हणालो, हात काढा, चौकटीला दांडा आहे. ती म्हणाली, "राहू द्या." शेवटच्या चौकटीला तिने विचारलं, "दोनच मिनिटं ना? लय लांब असतात सर दोन मिनिटं."

पुढचे दोन दिवस ती टाकीपाशी बसून ड्रॉपरने मेलेली पांढरी अंडी एकेक करून वेचत होती, कारण ती राहिली तर बुरशी धरते आणि जिवंत अंडीही जातात. बादली भरत आली तेव्हा तिने मला बोलावलं. तिचा आवाज बदलला होता.

"इतके मरतीन, हे तुमच्या पुस्तकात लिवलेलं होतं?"

"होतं."

"मंग मले सांगतलं नाई काहून? तुमी फक्त जगतीन त्याईचंच सांगतलं."

मी तिला सांगितलं की उद्यापासून नको असेल तर हे काम मी करतो. ती म्हणाली, "तुमच्या हातानं उरलेलेबी मरतीन," आणि पुन्हा ड्रॉपर घेतला.

जगलेली पिल्लं दीडशेची निघाली. सगळी नाही, पण बरीचशी. ती आणि साध्या टाकीतली काही पिल्लं आम्ही केंद्राच्या तळ्यात जाळीच्या दोन पिंजऱ्यांत सोडली आणि मावशी त्यांना रोज सकाळी कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप भिजवून घालायची. मी आठवड्यातून दोनदा जाऊन मोजमाप घ्यायचो. प्रबंधात पहिल्या दोन प्रयोगांचं काय लिहायचं, हा प्रश्न आला. सरांनी स्पष्ट विचारलं. मी म्हणालो, अंड्यांपर्यंत उष्णता पोचते की नाही याची खात्री मी स्वतः केली नाही, चूक माझी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढंच?" "एवढंच सर." ते दोन्ही प्रयोग वगळले. ही खोटी गोष्ट नव्हती, पण पूर्ण खरीही नव्हती. ती अजून मनात कुठेतरी आडवी पडलेली आहे.

पावणेदोन वर्षांनी, थंडीत, अध्यक्षांसमोर आम्ही दोन्हीकडचे काही मासे काढले. साध्या मादीचं पोट चिरताच अंड्यांचा गोळा बाहेर आला, पोटभर, दुसऱ्या कशाला जागा नाही. तिपेडीच्या पोटात तिथं दोन बारीक पांढरट दोऱ्यांसारखं काहीतरी होतं, बस. मला हेच हवं होतं. मी फोटो काढत सुटलो. अध्यक्षांनी दोन्ही मासे हातात तोलले.

"वजनात तं काई लय फरक नाई, सर."

"थोडा आहे. आणखी वर्षभर ठेवले तर वाढेल."

"आन अंडी तं बादलीभर मेली होती. आमच्या कामाचं नाई हे." त्यांनी चिडून नाही, सहज सांगितलं आणि हात धुवायला गेले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी त्या टाक्यांत रोहूचं बीज होतं.

मावशी मात्र त्या चिरलेल्या माशापाशी उकिडवी बसली होती. तिने बोटाने ते दोरे जरा बाजूला सारले, नीट पाहिलं. मग म्हणाली, "बाकी सगयं जागच्या जागी हाये." आणि उठली.

पीएच.डी. झाली. कायमची जागा झाली नाही. आता मी नेरच्या एका कॉलेजात तासिकेवरच शिकवतो. जाणं-येणं वाढलं, गाडी बदलली, अंगणातल्या फेऱ्या तशाच आहेत. मावशीचे गुडघे गेले, धरणावरचं काम सुटलं, आणि ती ढाणकीला भाचीकडे राहायला गेली. गेल्या वर्षी उमरखेडला परीक्षेच्या कामाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तिला भेटलो. भाचीचं बाळ तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याला तेल लावत होती. भाची दुकानात गेली होती.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मी उठायच्या बेतात होतो, तेव्हा तिने विचारलं, "सर, माणसात होते का तसं? तिपेडी?"

खोटं सांगता आलं असतं. "होते कधी कधी," मी म्हणालो. "पण बहुतेक जगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच पडते."

तिचा तेलाचा हात बाळाच्या पाठीवर फिरत राहिला. "माह्ये दोन पडले होते," ती म्हणाली. "तिसऱ्या महिन्यात. लगन झाल्यावर चार वर्साच्या आत. त्याच्यानंतर काईच नाई." मग माझ्याकडे पाहून, "थे तसंच असंन का?"

एवढ्या वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी काय काय आठवू लागलो, कारणं किती असू शकतात, त्यातलं हे फक्त एक. तेव्हा कोणी तपासलं नसणार, आता तपासण्यासारखं काही उरलं नाही. तिला "हो" हवं होतं की "नाही", तेही मला कळेना. तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखू येत नव्हतं.

"सांगता येत नाही मावशी," मी म्हणालो. "खरंच सांगता येत नाही."

तिने मान डोलावली. "सांगता येत नाई म्हनाले, हे बरं केलं. बाकीच्याईनं तं सगयाईनं खातरीनं सांगतलं होतं."

भाची आली, चहा झाला, मी निघालो. उमरखेडच्या रस्त्यावर मी दोनदा गाडी बाजूला घेतली. भाचीचा नंबर काढला, मावशीला फोन द्या म्हणावं असं वाटलं. दोन्ही वेळा काय बोलायचं ते ठरेना. मागून सोयाबीनचे ट्रक हॉर्न वाजवत जात होते. शेवटी फोन खिशात टाकला आणि गाडी सुरू केली.